सड्यावरची मधली रास

आमच्या वाड्यावर आठ घरं आणि घरांच्या वर सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. घाटी चढून गेलं की पायवाट जिथे सपाट होते, तिथेच दगडांच्या तीन राशी आहेत. दोन लहान, मधली मोठी. मोठी म्हणजे माझ्या छातीएवढी उंच आणि भाताची उडवी एका अंगाला बसावी तशी पसरलेली. पावसात तिच्यावर गवत येतं, दिवाळीनंतर ते सुकतं, आणि काजू मोहरायच्या वेळी दगड पुन्हा उघडे पडतात. तीस वर्षांहून जास्त मी तिच्या शेजारून ये-जा केली. तिच्याबद्दल कुणाशी बोलले नव्हते. गेल्या वर्षी बोलावं लागलं. ते मुलीच्या शाळेच्या उरलेल्या वहीत लिहून ठेवते आहे.

लग्न होऊन मी पार्से गावात आले. त्या पहिल्याच फाल्गुनात सासूबाई मला काजूची बोंडं वेचायला वर घेऊन गेल्या. डोक्यावर रिकामी पाटी, कमरेला कोयती. राशीशी आल्यावर त्यांनी वाटेतला एक दगड उचलून राशीवर ठेवला आणि मला म्हणाल्या, "तूय घाल. हंगामाच्या पयल्या फेरीक एक धोंडो. घालूचो, काढूचो नाय."

मी ठेवला. तिथे कोण आहे, असं विचारलं तर म्हणाल्या, आमच्या आधीचे. आपले पूर्वज का, असं मी पुन्हा विचारलं. आपले कोण लागतात ते ठाऊक नाही, त्या म्हणाल्या, पण वाट त्यांची, आपण मागाहून आलो.

मला हे नवीन नव्हतं. माझं माहेर डिचोलीकडे, शिरगावच्या जवळ. आमच्या डोंगरावरही अशी एक रास होती. आई लाकडांना जाताना तिच्यावर हिरवा पाला ठेवायची. मी चौथीत होते त्या वर्षी खाण त्या बाजूला सरकली आणि एका उन्हाळ्यात रास गेली. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आपण कुणाला विचारायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं. त्यानंतर आई खाणीच्या फाटकाशी थांबून तिथे पाला ठेवायची. राखणदार तो पायाने बाजूला सारायचा. रागाने नाही, ट्रक यायचे म्हणून. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा ठेवायची. आता तिथे डोंगर नाही, हिरव्या पाण्याचा खोल खड्डा आहे. माहेरी गेले की मी त्या अंगाला बघत नाही. माझी शाळाही त्याच वर्षी सुटली, पण ती धाकट्या भावंडांना सांभाळायला. खाणीचा त्यात दोष नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी मला सड्याच्या कडेला, राशीपासून हाकेच्या अंतरावर, भाजी करायला थोडी जमीन दिली. मिरची, तांबडी भाजी, वाल. गुरं घुसून सगळं खायची. गडगा घालायला हवा होता, म्हणजे माती-चुना न लावता दगडावर दगड रचून केलेलं कुंपण. नवरा तेव्हा खनिजाच्या ट्रकवर होता, आठवड्याने घरी यायचा. मी एकटीनेच रचायला घेतला. सड्यावर लहान दगड हवे तेवढे मिळतात, पण कोपऱ्यांना मोठा सपाट दगड बसला नाही तर पावसात गडगा पोटातून फुटतो. तसे दगड मला कुठे मिळेनात. मधल्या राशीच्या दक्षिणेला, गवतात, तीन दगड उभे होते. गुडघ्याएवढे, पाटासारखे. राशीवर नव्हते, राशीच्या पायथ्याशी होते. मी मनाशी म्हटलं, हे काही राशीचे नव्हेत. पहार घालून एकेक उपसला आणि उताराने लोळवत नेला.

तिसरा निघाला तेव्हा त्याच्या खाली खड्डा राहिला. खड्ड्याच्या कडेने लहान दगड पाचरींसारखे ठोकून बसवलेले होते. ते बघितलं आणि माझे हात थांबले. हा दगड आपोआप तिथे उभा नव्हता. कोणीतरी तो उभा केला होता आणि हलू नये म्हणून खालून आवळला होता. मीही गडग्याला तशाच पाचरी मारत होते.

पण गडगा अर्धा झाला होता. दोन दगड कोपऱ्यांत बसलेसुद्धा होते. परत नेण्याची ताकद नव्हती की मन नव्हतं, ते आता सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मी घरातून मूठभर तांदूळ, नारळाची एक वाटी आणि माझ्या चुड्यातल्या दोन हिरव्या बांगड्या घेऊन गेले. त्या तिसऱ्या खड्ड्यात ओटी भरावी तशा ठेवल्या आणि वर माती लोटली. तिथे बाई आहे की पुरुष, मला काय ठाऊक. दुसरं काही द्यायची मला माहिती नव्हती.

गडगा बघायला सासूबाई वर आल्या. गडगा बरा झाला म्हणाल्या. कोपऱ्यातल्या दगडावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. पुढच्या फाल्गुनात राशीशी आल्यावर त्यांनी एकाच्या जागी दोन दगड ठेवले. "एक माझो, एक तुझो," म्हणाल्या. मी म्हटलं, माझा तर मी ठेवलाय. त्या नुसत्या हसल्या आणि पाटी उचलून चालू लागल्या. मग दर वर्षी दोन. मला वाटलं, त्यांना मोजायचं लक्षात राहत नसेल.

आमच्या घरात आणखी एक माणूस, ते म्हणजे थोरले भावोजी, नवऱ्याचे मोठे भाऊ. जाऊबाई लवकर वारल्या, मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हापासून भावोजी आमच्याकडेच जेवतात. थोरल्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोने बोलायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. आता ती कोणी पाळत नाही, पण माझा स्वभाव असा की मला ती सोयीची वाटली. सासूबाई होत्या तोवर आमचं बोलणं त्यांच्यामार्फत चाले. त्या गेल्यावर मांजरामार्फत सुरू झालं. मी मांजराला सांगायची, "भात वाढलो आसा म्हणून सांग." भावोजी जेवता जेवता मांजराला सांगायचे, "सांग तिका, आमटीत मीठ पडूक नाय." नवरा म्हणायचा, घरात सगळ्यांत जास्त काम ह्या मांजराला आहे.

सासूबाई गेल्या त्या काही वर्षांपूर्वीच्या आषाढात. छातीत दुखायला लागलं तेव्हा सकाळ होती. रुग्णवाहिका खाली हमरस्त्यावर आली आणि तिथेच थांबली, कारण आमच्या वाड्यावर चढायला पायवाटेची घाटीच होती. भावोजींनी आणि माझ्या नवऱ्याने त्यांना खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून खाली नेली. घाटी शेवाळलेली. अर्ध्या वाटेत भावोजी थांबले आणि म्हणाले, थोडा दम घेऊ. आम्ही समजलो. दम त्यांना घ्यायचा नव्हता.

तेव्हापासून भावोजींनी एकच गोष्ट धरली, वाड्यावर रस्ता. खालून, घाटीच्या बाजूने तो होण्यासारखा नव्हता. सड्यावरून, पलीकडच्या डांबरी रस्त्यापासून, होण्यासारखा होता. पंचायतीत किती खेपा घातल्या असतील ते त्यांच्या चपलांना ठाऊक. शेवटी मंजूर झाला. मोजणीची माणसं येऊन चुन्याच्या रेघा मारून गेली. रेघा सरळ मधल्या राशीतून गेल्या होत्या. राशीच्या एका अंगाला दरड आहे, दुसऱ्या अंगाला भावोजींची कलमी काजूची झाडं. त्यांनी स्वतः लावलेली, उन्हाळ्यात खांद्यावरून पाणी नेऊन जगवलेली.

रस्ता नको असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते? त्या खुर्चीचा मागचा पाय मीही धरला होता. फक्त त्या दिवसांत मला आई फार आठवायची, फाटकाशी वाकलेली.

मॅडम आल्या त्या काजू मोहरायच्या वेळी. पुरातत्त्व खात्याच्या, चाळिशीच्या आतल्या, डोक्याला सुती रुमाल, हातात नकाशा. सडे पायी तुडवत असं काही आहे का बघत फिरत होत्या. पाणी मागायला घरी आल्या. मी कोकमाचं सरबत केलं, आणि पोदेराने, म्हणजे पाववाल्याने, सकाळी दिलेले उंडे पाव होते, ते चहाबरोबर दिले. त्यांनी चुन्याच्या रेघा बघितल्या होत्या. त्या रेघांमधून राशीकडे जाताना मला म्हणाल्या, चला ना बरोबर. मी गेले.

त्यांनी मला शाळेतल्या मुलीला सांगावं तसं सांगितलं, पण कमी लेखून नाही. ही मेलेल्यांची जागा. माणूस किंवा त्याची हाडं पुरायची, सोबत मडकी ठेवायची, वर दगड रचायचे आणि भोवती उभ्या दगडांचं कडं करायचं. किती वर्षांपूर्वीचं, हे मी विचारलं. त्या म्हणाल्या, खणून बघितल्याशिवाय नक्की सांगणार नाही, पण तुमच्या देवळाहून जुनं, गावाच्या नावाहूनही जुनं. मग त्यांनी एका लहान राशीतला काळा दगड दाखवला. हा ह्या सड्यावरचा नाही, म्हणाल्या, कुणीतरी लांबून आणलाय.

त्या बोलत राहिल्या, मी तो दगड बघत राहिले. कुणीतरी तो डोक्यावरून आणला असेल. चुंबळ होती का त्यांच्याकडे, पाल्याची? आपलं माणूस गेल्यावर कामाला लागणं मला कळतं. सासूबाई गेल्या त्या दिवशी मी आलेल्या लोकांसाठी एवढा चहा केला की दूध संपलं.

दोन लहान राशींचं कडं मॅडमना गवतात सापडलं. मधलीचं तीन बाजूंनी सापडलं, दक्षिणेला नाही. तिथे त्यांनी बराच वेळ घालवला, फोटो काढले. मग माझ्याजवळ बसून म्हणाल्या की अडचण इथेच आहे. कडं पूर्ण दिसलं तर ह्याला संरक्षण द्या म्हणून लिहिणं सोपं. तुटकं असलं की समोरचे म्हणतात, शेत साफ करताना टाकलेला दगडांचा ढीग आहे. आणि रस्ता नेमका ह्याच राशीतून जातोय.

मी सरबताचे पेले गोळा करत होते. समोर, उतारावर, माझा गडगा दिसत होता.

भावोजींना कळलं तेव्हा ते रागावले नाहीत. ते मांजराला म्हणाले, "मेल्यांचा बघूक पणजेसून माणसां येतत. जित्यांक न्हेवक गाडी येयना." ह्यावर मांजर काय बोलणार.

पंचायतीने सांगितलं, खात्याने यावं, बघावं आणि लिहून द्यावं. मॅडम त्यांच्या साहेबांना घेऊन पुढच्या सोमवारी येणार असं ठरलं.

मध्ये पाच दिवस होते. ह्या पाच दिवसांत मी जे केलं ते मला तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटलं. मॅडमना फोन करून सांगणं मला सुचलं नाही असं नाही. त्यांचा नंबर मुलीने मोबाइलमध्ये घालून दिला होता. पण सांगायचं म्हणजे ते भावोजींच्या कानावर जाणार, नवऱ्याच्या, सगळ्या वाड्याच्या. सासूबाईंनी घालूचो, काढूचो नाय म्हणून शिकवलं आणि हिने काढून भाजीला कुंपण केलं. त्यापेक्षा, मला वाटलं, जिथले दगड तिथे नेऊन ठेवले तर झालं. कडं पुरं होईल, रास वाचेल आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

तीन दिवस पहाटे, पोदेराचा भोंगा वाजायच्या आत, मी वर गेले. गडग्याचा कोपरा उकलून दगड काढायचा, गोणपाटावर घ्यायचा आणि गोणपाट ओढत न्यायचं. तेव्हा उताराने लोळवत आणले होते, आता चढ. एक दिवस एक दगड. पहिल्या दोन जागा मी पहारीने खणून मोकळ्या केल्या आणि दगड आत बसवून माती चोपली. तिसरी खणायला हात धजेना. तिथे ओटी होती. तो दगड मी वरच उभा करून, पायाशी दगड-माती लावून टेकवून ठेवला. थोडा कलला होता. लांबून बघितलं तर चांगला दिसत होता. मी हात जोडले आणि घरी येऊन पेज केली.

सोमवारी मॅडम, त्यांचे साहेब आणि पंचायतीचा एक माणूस आले. भावोजी तर होतेच. नवरा कामावर गेला होता. मी ताटात सरबताचे पेले घेऊन मागे उभी राहिले.

मॅडमनी आधी राशीकडे बघितलं, मग मोबाइलमधला फोटो काढून साहेबांना दाखवला. मागच्या वेळी इथे काही नव्हतं, हे त्या हळू आवाजात म्हणाल्या. साहेब खाली बसले. चिमटीत माती घेऊन चुरली. कललेल्या दगडाला बोट लावलं तर तो हलला. ते उठले, रुमालाला हात पुसले आणि म्हणाले, कालपरवाच कुणीतरी हे उभे केलेत. असं केलं की खऱ्यावरचाही विश्वास जातो. आता मी काय लिहू?

"मी पयलेसून सांगतंय," भावोजी म्हणाले. "शेतातले धोंडे ते."

पंचायतीचा माणूस हसला. मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. नुसता चेहरा उतरला त्यांचा. त्यांनी नकाशाची घडी घातली. साहेबांनी फाईल मिटली. आता ते चहा घेतील, निघतील, आणि मग यंत्र येईल, हे मला समोर दिसत होतं. माझ्या माहेरी निदान खाणीने नेली होती. इथे ती मी घालवत होते, वाचवायला जाऊन.

मी इकडेतिकडे बघितलं. सड्यावर मांजर नव्हतं.

"ते धोंडे मी हाडून उबे केले," मी म्हटलं. आवाज इतका लहान निघाला की साहेबांनी काय म्हणून विचारलं. मग मी भावोजींकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "हाडले मीच, आणि आदी काढलेले तेय मीच. बत्तीस वर्सां माझ्या गडग्याक आसले."

मॅडमनी ताट माझ्या हातातून घेतलं आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, सावकाश सांगा.

मी सांगितलं. गडग्याचा कोपरा, पहार, खड्ड्यातल्या पाचरी, सगळं. पाचरी म्हटल्यावर साहेबांनी पुन्हा फाईल उघडली. कुठल्या खड्ड्यात होत्या म्हणाले. तिन्हींत असतील, मी म्हटलं, पण मी लक्ष देऊन बघितल्या त्या तिसऱ्यात. परवा दोन खणले, तिसरा खणला नाही. का खणला नाही, हे विचारल्यावर मला बांगड्यांचं सांगावं लागलं. ते सांगताना मला सगळ्यांत लाज वाटली.

मॅडमनी कललेला दगड दोघांकडून बाजूला ठेववला आणि गुडघ्यांवर बसून लहान थापीने माती खरवडायला लागल्या. इतकी हळू की आपण तेवढ्या वेळात दोन वाफे खुरपले असते. पंचायतीच्या माणसाने सरबत संपवून पेला हातातच धरला होता. बऱ्याच वेळाने थापी काचेला लागल्याचा आवाज आला. मॅडमनी बोटाने माती सारली. हिरवं काहीतरी चकाकलं.

"दोन होत्यो," मी म्हटलं.

दुसरी दोन तुकड्यांत मिळाली. तांदूळ-नारळाचं काही उरलं नव्हतं. त्यांच्या खाली, खड्ड्याच्या कडेला, पाचरी होत्या, मी बघितल्या तशा, आवळून बसवलेल्या. साहेब पोटावर आडवे होऊन त्या बघत राहिले, पँट लाल झाली तरी. मग उठून मला म्हणाले, बांगड्या तुमच्या आहेत. त्यांच्या खालचं तुमचं नाही, आणि ते मला लिहिता येईल.

मॅडमनी मला बाजूला नेऊन तेही सांगितलं जे मला ऐकायचं नव्हतं. ते दोन खड्डे मी नव्याने खणले, त्यांतून आता काही कळायचं नाही. जे होतं ते माझ्या पहारीने विस्कटलं. त्या हे रागाने बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. तिसरा राहिला तो तुम्ही घाबरलात म्हणून, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, घाबरले नाही, ओटी उकरत नाहीत.

ह्या सगळ्या वेळात भावोजी एका जागी उभे होते. ते निघाले तेव्हा त्यांच्या पायाखाली मला गोणपाट ओढल्याची वाट दिसली. माझ्या गडग्यापासून राशीपर्यंत लाल मातीत सरळ उमटलेली, आंधळ्यालाही दिसावी अशी. ते सकाळी सगळ्यांच्या आधी वर आले होते. त्यांनी ती बघितली असणार आणि तिच्यावर उभे राहिले होते. माझी लाज झाकायला की आपला रस्ता राखायला, ते मला कळलं नाही. मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही.

त्या दिवशी दुपारी मी त्यांना वाढलं आणि चुलीकडे तोंड करून बसले. मांजर त्यांच्या पाटाशी होतं. त्यांनी माशाचा काटा त्याला टाकला आणि म्हणाले, "सांग तिका. आवयक म्हायत आसला."

आवय म्हणजे त्यांची आई, माझ्या सासूबाई. मी वळले नाही.

"दोन दोन धोंडे कित्याक घालता म्हणून मी इचारलंय एकदा," ते मांजराला सांगत होते. "तर म्हणता, आमच्या सुनेक गडग्याक धोंडे कमी पडलेले."

मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. बत्तीस वर्षं मी जे पोटात धरून बसले होते ते त्या बाईने गडगा बघितला त्याच दिवशी ओळखलं होतं आणि दर वर्षी माझ्या वाटणीचा एक दगड परत करत होती. मला एका शब्दाने बोलली नव्हती.

चार महिन्यांनी पत्र आलं. पावसाचे दिवस होते. राशींपासून ठरावीक अंतर सोडून काम करावं, पुरी तपासणी होईपर्यंत हात लावू नये, असं नवऱ्याने वाचून दाखवलं. अंतर सोडायचं म्हणजे रस्ता वळवायचा, आणि वळवायचा म्हणजे दरडीतून नाही, भावोजींच्या काजूंतून. जमीन त्यांची. त्यांनी नाही म्हटलं असतं तर रासही राहिली असती आणि घाटीही. ते कितीतरी दिवस रोज वर जाऊन यायचे. मी मांजरालासुद्धा काही सांगितलं नाही.

दसऱ्यानंतर एका सकाळी कुऱ्हाडीचा आवाज ऐकू आला. ते एकटेच झाडं तोडत होते. पाच झाडं. नवरा म्हणाला, यंत्र येणारच आहे, ते उपटेल. भावोजी म्हणाले, "मी लावलली आसत ती." मी पाण्याची कळशी नेऊन झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि खाली आले.

आता रस्ता वर आलाय. अजून डांबर नाही, पण गॅसचा सिलिंडर दारात येतो, आणि वरच्या घरातल्या म्हाताऱ्याला परवा गाडीतून इस्पितळात नेलं. राशीला वळसा घालताना गाडी थोडी हळू होते. माझे तीन दगड राशीच्या बाजूला आडवे ठेवले आहेत, त्यांच्यावर खात्याने आकडे लिहिलेत. गडग्याचा कोपरा उघडाच आहे. मी तिथे काट्या लावल्यात, त्यातून शेजारची वासरं येतातच.

मॅडमनी जाताना एक विनंती केली होती, राशीवर नवे दगड ठेवू नका. कुठले त्यांचे आणि कुठले आमचे, हे मग पुढच्यांना कळणार नाही. खरं होतं, पण फाल्गुन आल्यावर काय करायचं ते मला सुचेना. पहिल्या फेरीला निघाले, राशीशी थांबले, हातातला दगड तसाच राहिला. शेवटी तो मी रस्त्याच्या वळणावर, भावोजींनी तोडलेल्या काजूच्या एका खुंटावर ठेवला. कुणाला काही सांगितलं नाही. दोन दिवसांत तिथे वाड्यावरच्या बायकांचे आणखी सात-आठ दगड जमले.

भावोजी सासूबाई गेल्यापासून दगड ठेवत नव्हते. उरलेली झाडं झोडायला ते तिसऱ्या दिवशी माझ्या मागून वर आले. खांद्यावर पाटी, हातात वाटेवर उचललेला दगड. राशीपुढे उभे राहिले. मी वळणावर होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आमच्या मध्ये कोणी नव्हतं.

"हो खंय घालू?" त्यांनी विचारलं.

"हय," मी म्हटलं. "खुंटार."

त्यांनी तो आणून ठेवला. पाटी सावरली, दोन पावलं गेले, थांबले. मग वाकून आणखी एक उचलला.